जोडे आधी बाहेर

झरीच्या ओढ्यावरच्या पुलाखाली मी बसलो होतो. ओल्या वाळूत, मांडी घालून. मांडीवर देशमुखांचे जोडे.

काठावर अख्खं गाव जमलं होतं. पूल एकाच कमानीचा, दगडी. बांधला मी. पण गुत्ता देशमुखांच्या नावावर. त्यांनी जन्मात थापी हातात धरली नव्हती. सरकारी काम आपल्या नावावर घ्यायचं आणि आमच्यासारख्या गवंड्याकडून निम्म्यात करून घ्यायचं, याला ते गुत्तेदारी म्हणत.

कमान रचताना तिच्या पोटाखाली लाकडी आधार देतात. त्याला ढोला म्हणतात. चुना धरला की ढोल्याखालच्या पाचरी ठोकून काढायच्या, ढोला ओढून घ्यायचा. मग कमान आपल्या जोरावर उभी. आमच्यात रिवाज असा होता, की ढोला निघाला की बांधणाऱ्यानं स्वतः खाली जाऊन बसायचं आणि वरून गाडी तीनदा न्यायची. माझा बाप बसायचा. पान खात बसायचा. डोक्यावरून चाकं गेली तरी वर बघायचा नाही. आम्हा लिंगायत गवंड्यांच्या घरात ती इज्जतीची जागा होती.

त्या दिवशी मी खाली उतरायला निघालो, तसे देशमुखांनी पायातले जोडे काढले. नवे, हैदराबादेहून आणलेले. लिंबाखाली त्यांच्यासाठी गादी टाकली होती, तिच्यावर पाय घेऊन बसायचं होतं. जोडे माझ्या हातात दिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"मिस्तरी, कमान पडायलीच तर जोडे आधी बाहेर फेक. तुझ्यासारखे लय भेटतील."

लोक हसले. माझ्या हाताखालची माणसं हसली. मीही हसलो.

हे लिहिताना थांबलो होतो. पण लिहायचं ठरवलंय तर सगळंच लिहितो. मी तोंडदेखला हसलो नाही. मालक आपल्याशी चेष्टा करतात, म्हणजे आपण त्यांच्या जवळचे, असं मनात येऊन हसलो. बापाच्या इज्जतीच्या जागेवर दुसऱ्याचे जोडे घेऊन बसलो आणि मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आज ओकारी येते.

मालकांची दमणी, बैलांची हलकी गाडी, वरून तीनदा गेली. रिकामी. मालक आत नव्हते. कमान हलली नाही. चुना चांगला होता. मी जोडे पुसून परत दिले.

तुम्ही विचाराल, फेकून का दिले नाहीत त्याच वेळी? त्याचं कारण सांगतो. सबब म्हणून नाही.

त्याच्या आधी अडीच वर्षं माझ्या थापीला चुना लागला नव्हता. मंदी आली. ज्यांच्या कापसावर परभणीत माड्या चढत होत्या, त्यांनी भिंती अर्ध्यावर सोडल्या. त्या भिंतींत पिंपळ उगवले. आमच्यातल्या एकानं भिंतीवर चढायला बांधायच्या पहाडाचे बांबू जळणाला विकले. एक हैदराबादेला गेला तो आलाच नाही. माझा चुलता, ज्यानं देवळाचं शिखर रचलं होतं, तो लोकांच्या चुली घालून द्यायला जायचा. मी सडकेच्या कडेला खडी फोडत बसलो.

तिथं माझ्या शेजारी यल्लप्पा वडार बसायचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याची बायको मल्लव्वा भाकरी घेऊन यायची. माझ्या फडक्यात काही नसलं की तो न विचारता अर्धी तोडून पुढं करायचा. माझ्या हातात घण नीट बसत नव्हता. "मिस्तरी, दगडाला मारू नको, दगडाच्या रेषेला मार," म्हणायचा. दगड मला त्यानं शिकवला.

मग पडलेला बाजार उठायलाय अशी बोली सुरू झाली. कापसाला जरा भाव आला. बाजार उठला, पण दुखणाईत उठतो तसा, भिंत धरून. सडकेखालची एक मोरी बांधायला निघाली की वीस जण तिच्यावर तुटून पडत. मी करतो, मी कमीत करतो, मी त्याहून कमीत करतो. जे मंदीत एकमेकांच्या मयतीला खांदा द्यायचे, ते आता देशमुखांच्या ओसरीवर एकमेकांची लावालावी करत बसू लागले. त्यात मी होतो. ज्याच्याकडून ओळंबा धरायला शिकलो, त्या म्हाताऱ्या मिस्तरीला आता दिसत नाही, असं मी देशमुखांच्या कानात सांगितलं. त्याला दिसत होतं. झरीनंतर पोखर्णीच्या वाटेवरच्या पुलाचं काम त्यांनी मला पोटगुत्त्यानं दिलं.

आणि मी जोडे घेतले. कातडी, करकर वाजणारे. गुत्तेदाराच्या पायात पाहिजेत म्हणून.

दर पाडून घेतलेल्या कामात कुठं मारायचं, हे प्रत्येक गवंड्याला कळतं. दगड कमी करता येत नाही. तो दिसतो. चुना दिसत नाही. चुना आणि वाळू दगडी चाकाच्या घाणीत घालून बैल फिरवायचा, लोण्यासारखा होईपर्यंत. दिवसभर फिरवायचा तो मी दुपारीच काढायला लावला. दगड घडायला मी यल्लप्पाला घेतलं होतं; त्यानं एकदा घाणीजवळ येऊन चिमूट उचलली, बोटात चोळली, माझ्याकडं बघितलं. दगड आणायला निघून गेला.

ढोला महिनाभर ठेवायचा. बाराव्या दिवशी देशमुखांची गाडी ती लाकडं न्यायला आली. दुसऱ्या कामावर पाहिजेत म्हणाले. मी पहाडावर चढलो आणि दोन दगडांच्या सांध्यात नख घालून बघितलं. नख आत गेलं.

हे वाक्य मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. नख आत गेलं. मला ठाऊक होतं.

खाली उतरून मी म्हणालो, उद्या काढा पाचरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशमुख आले. पोखर्णीची माणसं आली. ढोला निघाला. कमान उभी राहिली. आता बांधणाऱ्यानं खाली जायचं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. देशमुखही. नखात अजून चुना होता.

यल्लप्पा समोरच उभा होता. मी पायातले जोडे काढले, त्याच्या हातात दिले आणि मोठ्यानं म्हणालो,

"यल्लप्पा, तू बस. कमान पडायलीच तर जोडे आधी बाहेर फेक."

तेच शब्द. माझ्या तोंडात तयार होते. लोक हसले. देशमुख सगळ्यात मोठ्यानं हसले.

यल्लप्पा हसला नाही. त्यानं त्या चुन्याची चिमूट चोळून बघितली होती. तरी तो गेला. का गेला? कारण त्याची बायको त्याच कामावर पाट्या वाहत होती आणि अडीच वर्षांनी घरात दोन वेळची चूल पेटायला लागली होती. मी जोडे का धरले होते, त्याचं जे कारण, तेच. फरक एवढाच, की माझ्या वेळेला चुना चांगला होता.

गाडी खडीनं भरलेली होती. पहिल्या फेरीला काही झालं नाही. दुसऱ्या फेरीला चाक माथ्यावर आलं आणि कमानीतून आवाज आला, सुकं लाकूड मोडल्यासारखा. गाडीवानानं बैल पुढं पळवले. मी ओरडलो की नाही, आठवत नाही. आठवतं ते एवढंच.

एक जोडा बाहेर आला. दुसरा जोडा आला. यल्लप्पा आला नाही.

त्यानं आधी जोडे फेकले होते. सांगितलं होतं तसं.

तीन दगड पडले होते. एक त्याच्या डाव्या गुडघ्याखाली. लोकांनी पहार घालून उचलला. मल्लव्वा पाटी डोक्यावर घेऊन तशीच उभी होती, उतरवून ठेवायचं तिला सुचलं नाही. मी काय करत होतो सांगू? माझे जोडे माझ्यासमोर पडले होते. मी ते पायात घातले. कुणी सांगितलं नाही. घातले. पुढं दोन वर्षं वापरले. फेकून दिले असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. फेकले नाहीत. चांगले होते.

पाय कापावा लागला.

चौकशीला साहेब आले. देशमुखांच्या ओसरीवर बसले. कागद उर्दूत लिहिला. मला उर्दू येत नाही, पण कारकुनानं मराठीतून समजावून सांगितलं. लिहिलं होतं, की मजूर काम टाळून, कुणाला न विचारता, कमानीच्या सावलीला झोपला होता. कच्च्या चुन्याचा उल्लेख नव्हता. गाडीचा नव्हता. साहेबांनी मला गळ्यातलं लिंग हातात घेऊन खरं आहे म्हणायला सांगितलं. मी लिंग हातात घेतलं. खरं आहे म्हणालो. खाली सही केली, वळणदार.

साहेब गेल्यावर देशमुखांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"आता तू खरा गुत्तेदार झालास," म्हणाले.

पाठीवर त्या हाताची जागा अजून कळते मला. शिसारी येते, पण त्या हाताची नव्हे. तो हात खरं बोलला होता.

पूल पुन्हा रचायचा हुकूम झाला. या वेळी मी चुना दिवसभर फिरवला. ढोला महिना ठेवला. देशमुखांची माणसं लाकडं मागायला आली, त्यांना परतवून लावलं. मल्लव्वा तेव्हाही कामावर होती. नवरा पालात पडून होता, ती पाट्या वाहत होती. माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. मी चुना मागितला की पाटी समोर ठेवून जायची.

ढोला काढायचा दिवस आला. मी स्वतः बसायचं ठरवून आलो होतो. पण देशमुख गादीवरून म्हणाले, "तू थांब रे. नवरा बसला व्हता, आता बायकोला बसव. तिची भीती तरी जाईल."

लोक हसायला लागले, पण हसणं पुरतं निघालं नाही. मल्लव्वानं डोक्यावरची पाटी उतरवली. चुंबळ झटकली. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं केले.

"मिस्तरी, जोडे द्या."

टोमणा नव्हता. तीच तर घाण होती. तिला वाटलं होतं, बसायची पद्धतच तशी. खाली जायचं तर कुणाचे तरी जोडे घेऊन जायचं. माझ्या बापानं पान खात जी जागा राखली, तिची मी ही पद्धत करून ठेवली होती.

माझ्या आतलं काहीतरी त्या दोन हातांसमोर तुटलं. मी वळलो. गादीजवळ गेलो. देशमुखांचे जोडे गादीच्या कडेला होते, ते उचलले.

"मालक, तुमी बसा," मी म्हणालो. "जोडे मी सांभाळतो."

देशमुखांना आधी कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा बदलला.

"काय म्हनलास?"

"गुत्ता तुमच्या नावावर हाय. पूल तुमचा. चुना पक्का हाय, भ्यायचं काम न्हाई. बसा. न्हाई तर आजपासून कुणीच बसणार न्हाई. ही बाई न्हाई, मी न्हाई."

त्यांच्या माणसांनी मला ओढ्यात ढकललं. लाथा घातल्या. जोडे हातातून हिसकावून घेतले. पण त्या दिवशी कमानीखाली कुणी बसलं नाही. गाडी तीनदा गेली. कमान हलली नाही. पूल आजही आहे.

मला वाटलं, मल्लव्वा काही बोलेल. मी चिखलातून उठत होतो, तेव्हा ती पाटी उचलत होती.

"हे त्या दिवशी म्हणायचं व्हतं," ती म्हणाली. आणि कामाला लागली.

मला पुन्हा कुणी गुत्ता दिला नाही. मी परत दुसऱ्यांच्या हाताखाली थापी धरली. त्याचं काही नाही. मी ते नीट भोगलं असंही म्हणणार नाही. जगलो.

यल्लप्पा बोरीच्या सडकेवर खडी फोडतो. खडी बसून फोडता येते. मागं एकदा मी तिथून चाललो होतो. टाळून जाणार होतो, पण त्यानं बघितलं. घण खाली ठेवला. भाकरीचं नाही बोलला, पायाचं नाही बोलला. तो कागद त्याला कुणीतरी वाचून दाखवला होता.

"मिस्तरी," तो म्हणाला, "मी झोपलो न्हवतो."

एवढंच. मग घण उचलला.

मी त्याची माफी मागितली नाही. मागितली तर त्याला द्यावी लागेल. त्याच्यासारख्याला नाही म्हणता येत नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याच्याकडून मी आणखी काही घेणार नाही.

आता हैदराबादचं राज्य जाणार, नवं येणार म्हणतात. देशमुख तेव्हाही ओसरीवर असतील, हे मला दिसतंय. तो कागद कुठल्या तरी दफ्तरात आहे. त्यावर यल्लप्पा अजून सावलीला झोपलेला आहे आणि खाली माझी सही आहे. कागद माझ्या हाती लागणार नाही. पण पूल आहे. त्याच्या कठड्याला देशमुखांच्या नावाचा दगड आहे. तो मीच कोरलाय. अक्षर कसं कोरायचं ते मला येतं.

उद्या छिन्नी आणि हातोडा घेऊन पोखर्णीच्या वाटेला लागणार आहे. बाजाराचा दिवस आहे, वाटेवर माणसं असतील. त्यांच्यादेखत कमानीखाली उतरणार आहे आणि माथ्याच्या दगडावर कोरणार आहे, की यल्लप्पा वडार इथं झोपला नव्हता, त्याला मी बसवलं, चुना कच्चा होता. खाली माझं नाव. पूर्ण, बापाच्या नावासकट. अडवायला येतील. येऊ देत. हात मोडला तर दुसऱ्या हातानं कोरीन. जोडे घालून जाणार नाही.