नवनीत नानांचा मुका तास

नाना जिवंत आहेत, हे आधीच सांगून टाकते. अडुसष्ट वर्षांचे आहेत, प्रकाशा या गावी तापीकाठी काकूंसोबत राहतात, दोन्ही वेळा कळण्याची भाकर खातात आणि बीपीची एक गोळी सोडली तर त्यांना काहीही झालेलं नाही. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण शहाद्यात आता ते कोणी ऐकून घेत नाही. आणि तसं व्हायला मी जबाबदार आहे.

नवनीत पाटील. दोंडाईचा रस्त्यावर एका शटरचं ऑफिस, आत एक टेबल, एक बाकडं, लोखंडी कपाट. विमा, पोस्टाची आरडी, म्युच्युअल फंड, चौतीस वर्षं हेच. माणूस किडकिडीत आणि महातापट. गिऱ्हाईक दारात दिसलं की रामराम नंतर, आधी "नॉमिनी कोण लावलाय?" कुणी डोकं खाजवलं की "अरे बावळटा, मेल्यावर सांगशील का?" आणि गंमत म्हणजे लोक त्यांच्या शिव्या खायला कळसाडीहून, विसरवाडीहून, पार धडगावहून यायचे. दुसऱ्या एजंटची गिऱ्हाइकं तीन वर्षांत पळायची, नानांची नातवापर्यंत टिकायची. त्याचं कारण मुका तास.

त्याची सुरुवात माझ्या घरातून झाली. माझे वडील दोधू, कळसाडीचे, कापूस आणि ऊस. मी नऊ वर्षांची असताना ते ट्रॅक्टरखाली येऊन गेले. पॉलिसी नानांचीच होती. आईला, भिकुबाईला, त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. कागद खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेले, ते सापडायला दोन महिने गेले. मग क्लेमच्या खिडकीवर साहेबाने विचारलं, मयताचं नाव काय? आई गप्प. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. आई पदर तोंडात धरून उभी, मागे रांग, साहेब खेकसतोय. नाना शेजारी उभे राहून ते सगळं बघत होते. संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून ते लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "भिकुबाई, मी दोधूला सगळं समजावलं आणि तुम्हाला एक अक्षर सांगितलं नाही. चूक मन्ही शे."

तेव्हापासून त्यांनी नियम केला. नवीन गिऱ्हाईक घ्यायचं तर आधी त्याच्या घरी मुका तास. घरातल्या कर्त्याने भिंतीला लावलेल्या खुर्चीवर बसायचं. नाना म्हणायचे, "हा गेला." मग एक तास त्याने बोलायचं नाही, मान हलवायची नाही, डोळ्यांनीसुद्धा खुणावायचं नाही. बायकोने आणि पोरांनी त्याच्यासमोर घर उलथंपालथं करून कागद शोधायचे, कुठल्या बँकेत काय आहे ते सांगायचं, अर्ज लिहायचा. तास संपला की बायकोने त्याला हाक मारायची, तीही नावाने. नाव घेतलं की तो परत. नाव नाही घेतलं तर तो बसून राहणार, हा नियम.

लहानपणी नानांसोबत मी ते बघायला जायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा. पहिली दहा मिनिटं सगळे खिदळतात. मग बाई शोधायला लागते, घामाघूम होते, पोरं भांडतात, आणि खुर्चीवरच्या माणसाकडे बघायचं सगळे विसरतात. तो तिथेच असतो. त्याला सगळं दिसत असतं. एका घरी बाई नाव घेताना एवढी हमसून रडली की नवऱ्याला उठून तिला धरायचंसुद्धा सुचलं नाही.

कॉलेज झाल्यावर मी नानांकडे कामाला लागले. अकरा वर्षं झाली, परीक्षा दिल्या, परवाना काढला, फंडाचं सगळं मीच बघायला लागले. तरी लोकांच्या लेखी मी नानांची पोरगी. "ताई, एवढी झेरॉक्स काढ." सल्ला मी द्यायचा आणि लोकांनी नानांच्या तोंडाकडे बघायचं. नानांनी मान हलवली की माझं खरं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. नानांचा मुलगा पुण्याला, त्याला यात रस नाही. गावातले एक जुने एजंट वारले, तेव्हा त्यांची गिऱ्हाइकं महिन्याभरात चारीकडे पांगली, दोन बायकांचे क्लेम कोणी बघितलेच नाहीत. ते बघून नाना हादरले.

"माझ्यामागे हे लोक तुझ्याकडे थांबतील का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही समोर असेपर्यंत कसं कळणार?" मी चिडूनच म्हटलं.

दोन दिवस ते गिऱ्हाइकांच्या जुन्या फायली चाळत बसले. मग म्हणाले, "माझाच मुका तास करू. पंधरा दिवसांचा. सहा मेला मी गेलो. वीसच्या संध्याकाळी तू हाक मार. नुसतं नवनीत. नाना-बिना नको."

सगळ्यांना फोन करून सांगितलं. मला वाटतं, लोक किती हळहळतात ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांना ते बघायला मिळालं नाही.

पहिले तीन दिवस तमाशाच झाला. लोक नानांना डोळा मारत, तोंडापुढे हात हलवून बघत. जालमसिंग आप्पा, नानांचे शाळेपासूनचे मित्र आणि आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ते तर त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "हाई काय सोंग शे?" नाना हलले नाहीत. भिंतीशी खुर्ची, हात मांडीवर, नजर समोर. दहा वाजता येत, सहाला जात. बायपासवरून चालत घरी जातानासुद्धा कोणाशी बोलत नव्हते.

पाचव्या दिवसापासून लोक त्यांच्याकडे बघेनासे झाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? लोक माझ्याकडे बघून बोलायला लागले. मी सांगितलं की मान हलवायला लागले. सातव्या दिवशी एक बाई नानांच्या समोर बसून म्हणाली, "नाना लई ओरडायचे, पण मनाचे चांगले होते." होते, म्हणाली. मी चमकून नानांकडे पाहिलं. ते समोरच बघत होते.

नवव्या दिवशी वाहरूदादा आला. धडगावकडच्या आश्रमशाळेत शिपाई आहे. आमचूरची पिशवी घेऊन आला होता. त्याला फोन लागला नव्हता, म्हणून मी सगळं समजावून सांगितलं की नाना गेले असं धरायचं. त्याने ऐकून घेतलं. चहा आला. डोंगरात पिण्याआधी गेलेल्यांचा घोट जमिनीला देतात, तसे त्याने नानांच्या पायाजवळ फरशीवर चहाचे चार थेंब सांडले, हात जोडले आणि मग कप तोंडाला लावला.

"वाहरूदादा, अरे खोटं खोटं आहे ते," मी म्हटलं.

"गेला म्हणाली ना तू?" तो शांतपणे म्हणाला. "मग त्याला उपाशी कसा ठेवू?"

त्याच्या बोलण्यात मस्करीचा मागमूस नव्हता. मी फरशी पुसायला फडकं आणलं, पण मला वाकायची हिंमत झाली नाही. चहा तसाच वाळला.

तेराव्या दिवशी शनिवार. ऊन बेचाळीसच्या वर. दुपारी मी पंखा बंद केला, दिवा मालवला, शटर ओढून कुलूप लावलं आणि जेवायला घरी गेले. जेवले, थोडी पडलेसुद्धा. दोन तासांनी शटर वर केलं तर नाना आत. खुर्चीवर. अंधारात, त्या भट्टीत, शर्ट अंगाला चिकटलेला, नजर समोर. त्यांनी आतून शटर वाजवलं नव्हतं. फोन खिशातच होता. मी त्यांना आत ठेवून गेले होते, आणि मला ते आठवलेसुद्धा नव्हते.

मी पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला आणि रडायला लागले. "नाना, पुरे आता," मी म्हणाले. ते पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा समोर बघायला लागले. नावाने हाक मारली असती तर ते उठले असते. मी 'नाना' म्हटलं होतं.

वीस तारीख आली. सहा वाजले. त्या दिवशी माझ्याकडे सात गिऱ्हाइकं आली होती, दोन तर नवीन, आणि एकानेही खुर्चीकडे पाहिलं नव्हतं. नानांनी पंधरा दिवसांत पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी कपाट आवरत राहिले. एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावाने कशी हाक मारू, हे मी स्वतःलाच सांगितलं. खरं कारण मला माहीत होतं. नाना बोलले की मी पुन्हा झेरॉक्सवाली. आणखी एक दिवस, म्हटलं. लोक अजून थोडे रुळू देत.

नाना उठले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी दहाला आले आणि बसले. मी तेव्हाही हाक मारली नाही. मग तिसऱ्या दिवशी. काकूंचा फोन आला, "अगं, अजून घरात एक शब्द नाही त्यांचा, कधी संपतंय हे?" मी म्हटलं, "उद्या, काकू." असं मी आठवडाभर म्हणत राहिले.

बाविसाव्या दिवशी जालमसिंग आप्पा आले. सुरतेच्या कोणाच्या तरी स्कीममध्ये दीड वर्षात दुप्पट मिळतात, म्हणून मुलीच्या लग्नासाठी ठेवलेलं सगळं मोडायचं होतं. मी हात जोडले, नका मोडू म्हटलं. आप्पा अडून बसले. मग डोळे पुसत म्हणाले, "आज नाना ऱ्हाते तर काय सांगते?"

नाना त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते.

मी उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "नवनीत!"

नानांचे ओठ आधी नुसतेच हलले. मग आवाज आला, घोगरा. "जालम, मोडू नको."

आप्पा माझ्याकडेच बघत होते. "काय करू, ताई?"

नाना उठून टेबलाजवळ आले. "जालम! अरे बावळटा, इकडे बघ!" आप्पांनी बाकड्यावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, बसमध्ये शेजारी कोणी येतंय असं वाटून घेतात तशी, आणि तरी त्यांनी मान वळवली नाही. नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आप्पांनी फक्त खांदा चोळला.

"आप्पा, मोडू नका," मी कशीबशी म्हणाले.

"तू म्हनस तं नही मोडस," आप्पा लगेच म्हणाले आणि उठले.

मी धावत पायरीपर्यंत गेले. "आप्पा, नाना बोलले ना तुमच्याशी! आत उभे आहेत!"

आप्पा थांबले. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तुले बी दिसतस का? माले वाटनं, मालेच दिसतस."

मी आत आले तेव्हा नाना पायांत चपला घालत होते. मला वाटलं, आता कानाखाली वाजवतील. ते म्हणाले, "रोज सहा वाजता वाटायचं, आता मारशील हाक." मी त्यांचे पाय धरले. "सोड. पोरी, काम चांगलं करतेस तू," म्हणाले आणि गेले. महिन्याभराने काकूंना घेऊन प्रकाशाला राहायला गेले.

मी लोकांना सांगितलं. शपथेवर सांगितलं की नाना आहेत, चला भेटवते. लोक माझ्याकडे दयेने बघत, बिचारीच्या मनाला लागलंय म्हणत. दोघांनी फायली दुसरीकडे नेल्या, डोकं फिरलेल्या बाईकडे पैसा कोण ठेवणार? मग मी सांगायचं थांबवलं. सुरुवातीला दर रविवारी प्रकाशाला जायचे. नाना घाटावर बसलेले असत, माझ्याशी बोलत, सगळ्यांची चौकशी करत, जालम कसा आहे विचारत. आता दोन महिने झाले, जाणं झालं नाही. त्या दोघांनंतर एकही गिऱ्हाईक कमी झालेलं नाही. उलट गिऱ्हाइकं वाढली.

परवा आप्पा आणि आणखी चारपाच जण ऑफिसात आले. वर्गणी काढून नानांचा मोठा फोटो फ्रेम करून आणला होता, चंदनाच्या हारासकट. आप्पांनी तो नानांच्या खुर्चीवर ठेवला, खिशातून पेन काढलं आणि फोटोखालच्या कोऱ्या पट्टीवर टेकवून माझ्याकडे बघितलं. "ताई, तारीख?"

नाना त्या वेळी प्रकाशाला जेवायला बसले असतील. एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मी सांगेन ते खरं मानायला.

"वीस मे," मी म्हटलं. आप्पांनी नीट अक्षरात लिहून घेतलं.