एकाच काउंटरच्या तीन पावत्या

१२ जून, गुरुवार. सेलू, माझं ऑफिस. हजर: वालूरच्या शकुंतलाबाई, त्यांची मुलगी वर्षा, ठेवी गोळा करणारे एजंट महादप्पा आणि मी, सहकारी संस्थांची लेखापरीक्षक.

त्यांच्या गावातल्या पतसंस्थेचं शटर आठवडाभर खाली होतं. वर्षाला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी तिथल्याच ठेवींतून भरायची होती. शकुंतलाबाईंनी तीन पावत्या टेबलावर मांडल्या. मी एकच तक्रार अर्ज टाइप केला. सगळे मिळून सहायक निबंधकांकडे, म्हणजे तालुक्यातल्या पतसंस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या साहेबांकडे गेलो.

साहेबांनी एक पावती ठेवून घेतली, दोन परत सरकवल्या.

"ही आमची. ही मल्टिस्टेट सोसायटीची, अनेक राज्यांत चालणारी. तिचे निबंधक दिल्लीत. आणि ही निधी कंपनी, फक्त सभासदांकडून ठेवी घेऊन त्यांनाच कर्ज देणारी. ती कंपनी कायद्याखाली. सहकार खात्याचा संबंध नाही."

"आणि रिझर्व्ह बँक?"

"यातली एकही बँक नाही, मॅडम. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, तोही इथं नाही."

मी पावत्या पुन्हा पाहिल्या. रंग एक, सही एक. संस्थेचं नाव बारीक अक्षरात, ते तेवढं वेगळं.

बाहेर आल्यावर शकुंतलाबाई म्हणाल्या, "काउंटर एक, अप्पा एक. मग साहेब तीन कसे?"

"दरसाल पावती बदलताना वरून जशी छापून आली तशी मी देली," अप्पा म्हणाले. "मला काय ठाव?"

"तुमालाच ठाव न्हाई," वर्षा म्हणाली, "मग पैसे सुखरूप हायेत असं आईला कोण म्हणायलं होतं?"

अप्पा आपल्या मोटारसायकलकडे वळले.

पहिल्या पावतीची चौकशी लागली. दिल्लीला अर्ज ऑनलाइन गेला, फक्त पोच आली. पैसे कुठूनच नाहीत. फीच्या शेवटच्या दिवशी अप्पांनी मोटारसायकल विकून पहिला हप्ता भरला. आता ते गावात पायी हिंडतात.

राहिली निधी कंपनी. मी तक्रार लिहायला घेतली. पैसे कुणी स्वीकारले, या ओळीवर पेन टेकवलं, तोच शकुंतलाबाईंनी माझा हात धरला.

"अप्पाचं नाव नगा टाकू."

"मग अर्ज अर्धवट राहील."

"राहू द्या दोन दिवस."

हल्ली पावती हातात आली की मी व्याजाचा दर शेवटी वाचते. आधी संस्थेची नोंदणी कुणाकडे आहे ते बघते. तिसरा अर्ज मात्र अजून टेबलावरच आहे. एक ओळ भरायची राहिली आहे.