केबिन नसलेलं इंजिन

फोन आला तेव्हा मी दुपारचं जेवून नुकताच आडवा झालो होतो. मधुकररावांची मुलगी बोलत होती. ती लखनौतच वाढलेली. मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदी. "अंकल, पापा नहीं रहे," एवढंच म्हणाली आणि रिसीव्हर आईकडे दिला. वहिनी रडत नव्हत्या. "भाऊजी, टेबलापाशी बसले होते, तसेच गेले जी," त्या म्हणाल्या. मी चपला अडकवल्या आणि निघालो. त्यांचं घरही माझ्यासारखं लखनौच्या तेलीबागेतच, पाच मिनिटांचा रस्ता, पण त्या दिवशी... तो संपता संपेना.

मधुकरराव मूळचे भंडाऱ्याचे. रेल्वेच्या कारखान्यात वाफेची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची बहुतेक नोकरी झाली. नव्वद सालानंतर ती इंजिनं एकेक करून भंगारात निघाली, तेव्हा त्यांनी घरी छोटी इंजिनं आणायला सुरुवात केली. वीतभर लांब, दिसायला वाफेची, चालायला विजेवर. हजरतगंजमधल्या जुन्या सामानाच्या एका दुकानात ती कधीमधी मिळत. दुसरा कुणी ती कपाटात मांडून मोकळा झाला असता. हे ती कापत. एकाचा बॉयलर दुसऱ्याच्या चाकांवर बसवत, पितळी पत्र्यातून उरलेले भाग घडवत, आणि कुठल्याही कारखान्यातून कधी न निघालेलं इंजिन रुळांवर ठेवत. डिंक मात्र वर्ज्य. सगळी जोडणी मोहरीएवढ्या स्क्रूंनी. "चुकलं तर मागं फिरता आलं पाहिजे न," म्हणायचे. मी सांगलीचा, एअरफोर्सच्या स्टोअरमध्ये जन्म काढलेला. "साहेब, याचा पार्ट नंबर काय लिहू?" असं मी चिडवायचो आणि ते चष्म्यावरून बघून हसायचे.

सुरुवातीची इंजिनं गमतीची होती. एकाला दोन बॉयलर, एकाच्या पाठीवर क्रेन. रिटायर झाल्यावर मात्र त्यांनी आग नसलेलं इंजिन केलं. अशी इंजिनं खरोखर असतात म्हणे. जिथे ठिणगी पडून चालत नाही तिथे बाहेरून वाफ भरून चालवतात. त्यासाठी त्यांनी धुराडं कापलं आणि भोक असं बुजवलं की बोट फिरवूनही कळू नये. पुढच्या इंजिनाला शिट्टी नव्हती. त्याच्या पुढच्याला दिवा नव्हता. दर वेळी काहीतरी कमी व्हायचं... आणि माणूसही तसाच कमी होत चालला होता. आधी पान सुटलं, मग रेडिओ, मग माझ्याशी रोज संध्याकाळी चालायला येणं. मला ते दिसत होतं. मी विचारलं नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना आटोपून सगळे पांगल्यावर मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. महिनाअखेरीस वहिनी घर सोडून भंडाऱ्याला जाणार होत्या. टेबलावरच्या गोल रुळांवर शेवटचं इंजिन उभं होतं, काळंभोर. त्याला केबिनच नव्हती. ड्रायव्हरची जागा असते तिथे सपाट भिंत होती. खाली चढायच्या दोन पायऱ्या मात्र ठेवल्या होत्या. त्या चढून जायचं कुठे, ते कळत नव्हतं.

"वहिनी, हे अर्धवट राहिलंय. तुम्ही जायच्या आत पूर्ण करून देतो," मी म्हणालो.

त्यांनी इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "न्या," म्हणाल्या.

आठ दिवस दुपारी मी ते घेऊन बसलो. त्यांच्या शेवटच्या कामात खोट राहू नये, एवढंच डोक्यात होतं. पितळी पत्रा कापला, दोन खिडक्या कोरल्या, छप्पर वाकवलं. पण केबिन बसवायला भिंतीवर स्क्रूची भोकं सापडेनात. मधुकरराव भोकं आधी पाडून ठेवत. भिंत गुळगुळीत होती, रंगवलेली होती, कडेने पिवळी बारीक रेघसुद्धा ओढलेली. मला तिथेच थांबायला हवं होतं. पण अपुरी वस्तू दिसली की माझ्यातल्या स्टोअरकीपरला चैन पडत नाही. मी धातू चिकटवायचा डिंक लावला.

इंजिन घेऊन गेलो तेव्हा घरात बांधाबांध चालली होती. वहिनींनी ते हातात घेतलं आणि केबिनच्या कडेवरून बोट फिरवलं.

"भाऊजी, हे पूर्णच होतं. ज्या दिवशी गेले न, त्या सकाळी मला चालवून दाखवलं यांनी. मी म्हटलं, याचा ड्रायव्हर कुठं बसन जी? तर म्हणे, याला आता कोणी लागत नाही."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढ्या मनानं मागितलं. नाही म्हणवलं नाही."

मी पातं घेऊन केबिन सोडवायला लागलो, तर डिंक पक्का बसलेला. केबिन हलेना, मागच्या भिंतीचा रंग तेवढा उचकटायला लागला. त्यांच्या हातचा रंग...

"ओढू नका," वहिनी म्हणाल्या. त्यांनी इंजिन रुळांवर ठेवून विजेचा नॉब फिरवला. ते निघालं. वहिनी डोळे टेबलाच्या उंचीला येतील इतक्या वाकल्या. दर फेरीला ती चिमुकली खिडकी आमच्या समोरून जायची, आत अंधार. तिसऱ्या फेरीला वहिनी एकदम ताठ झाल्या आणि त्यांनी पदर सारखा केला.

"राहू द्या भाऊजी. यांना बसायला जागा झाली."

मी वाकून पाहिलं नाही. धीर झाला नाही, हे खरं.

परवा त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. बाकीची इंजिनं पेटीत होती, हे एक वहिनींच्या मांडीवर, खिडकी फलाटाच्या बाजूला केलेली. गाडी हलली तसा मी हात वर केला. वहिनी तेव्हा मुलीशी बोलत होत्या, दोघींपैकी कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं... तरी गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी हात खाली घेतला नाही.