खिडकीचे अकरा आकडे

माझी मुलगी धम्मदीना विजयनगरच्या एका छोट्या कंपनीत पायथनमध्ये प्रोग्राम लिहिते. मी छत्तीस वर्षं फिटर होतो. तिचं काम मला डोळ्यांनी दिसत नाही, पण केलेली मेहनत आणि दाखवलेली मेहनत यांतला फरक कळतो.

कंपनीचा प्रोग्राम अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणारे वापरतात. मापं भरली की कटाईची यादी निघते. एका खिडकीचे अकरा आकडे: रुंदी, उंची, काचेची जाडी, पल्ले म्हणजे झडपा किती, वगैरे. हे अकराही प्रोग्रामच्या एका तुकड्याकडून, म्हणजे फंक्शनकडून, दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे ओळीनं जायचे. नाव नाही, फक्त जागा. पहिली रुंदी, दुसरी उंची, हे लिहिणाऱ्यानं लक्षात ठेवायचं.

नव्यानं लागलेल्या रुचीचे वडील सुतार. त्यांच्या घरी माप उंचीपासून बोलतात. तिनं एक फंक्शन जोडताना सवयीनं उंची आधी दिली. दोन्ही आकडेच, म्हणून पायथननं हरकत घेतली नाही. बेटम्याच्या एका शाळेच्या चाळीस आडव्या खिडक्या उभ्या कापल्या गेल्या.

दुरुस्ती धम्मदीनाकडे आली. तिची नोकरी पक्की व्हायला तेव्हा आठवडा उरला होता.

"दोन आकडे उलटे कर और खतम कर," तिचे साहेब आशिषजी म्हणाले. "आणि रुचीला सांग, ध्यान से."

"ध्यानाचा प्रश्न नाही, आशिषजी. नाव न घेता अकरा आकडे पाठवले तर उद्या मीही चुकेन."

"मी आठ सालांपासून असंच लिहितोय."

"म्हणून तर सहावा आकडा कशाचा, हे सगळ्यांना तुम्हालाच विचारावं लागतं."

रुची हसली आणि लगेच स्क्रीनकडे बघू लागली.

"पुढच्या हफ्त्यात तुझं कन्फर्मेशन आहे. मालूम है ना?"

"आहे. तरी हा जुगाड माझ्या नावानं जाणार नाही."

तिनं अकरा आकड्यांची एकच वस्तू केली. पायथनमध्ये तिला डेटाक्लास म्हणतात. नाव ठेवलं 'खिडकी'. अशी खिडकी करताना प्रत्येक आकडा नाव घेऊनच द्यायचा. न घेता दिला की प्रोग्राम तिथेच अडतो. पुढच्या फंक्शनांना मग एकच खिडकी जाते. ज्याला फक्त काचेची जाडी लागते, त्याला तिनं तेवढीच दिली, अख्खी खिडकी गळ्यात बांधली नाही.

त्रेचाळीस ठिकाणी बदल करावे लागले. दोन दिवस लागले. प्रत्येक ठिकाण तिनं चालवून पाहिलं. त्यात आणखी एक उलटी जागा सापडली.

"कोणाची?" मी विचारलं.

"आशिषजींचीच, बाबा. जुनी."

"सांगितलंस?"

"चुकांच्या यादीत लिहिलं. ओळ क्रमांकासकट."

सुधारलेला प्रोग्राम बेटम्याच्या शाळेच्या खिडक्या बनवणाऱ्याकडे गेला. खिडक्या बरोबर निघाल्या. मग तिला पत्र मिळालं: स्वभावात लवचिकता नाही, सबब नोकरी पक्की करणे तीन महिने पुढे ढकलले आहे. खाली सही करायची जागा.

तिनं पत्र आशिषजींच्या टेबलावर परत नेऊन ठेवलं. "काम कुठे कमी पडलं तेवढं लिहा. मग सही करते."

"बाकीचे चुपचाप सही करतात," ते म्हणाले.

"करू देत."

चार दिवस झाले. पत्र आशिषजींच्या टेबलावर आहे. कमी पडलेलं काम त्यांना अजून सापडलेलं नाही. ती साडेनऊला पोचते, आपलं काम करते. सही तिनं केलेली नाही, आणि मीही कर म्हटलेलं नाही.