न विचारलेल्या नावाचा पत्ता

आधीच सांगून ठेवते, भूतबित मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते, आज सत्तरी उलटल्यावरही नाही. या सदरातले अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचते आणि निम्म्यांवर हसते... तेव्हा आज माझ्यावर कुणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त "बाईंना भास झाला असेल" असं लिहू नका. भास एकाला होतो. आम्ही चौघं होतो.

साल एकोणऐंशी, दसऱ्याचे दिवस. ठिकाण सांगलीजवळच्या कुपवाडची औद्योगिक वसाहत. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा तिथे कारखाना होता, मुख्य ऑफिस पुण्याला. पुण्यात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जुना त्यांनी आमच्याकडे ढकलला. कपाटाएवढं धूड, आणि शेजारी टाइप करायला नि छापून घ्यायला एक टेलिप्रिंटर. त्या मशीनचे प्रोग्रॅम लिहायचं काम माझं. मी सुमती, हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी, गणितात एमएस्सी. असलं काम सांगली-साताऱ्यात दुसरीकडे कुठे असेल तर मला तरी माहीत नव्हतं. घरी दादांनी – म्हणजे वडिलांनी – पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मशीन हाय तोवर नोकरी. मशीन गेलं की गुमान स्थळं बघायची."

आणि मशीन जायच्याच बेतात होतं. कारण ते संथ होतं. पुण्याचे साहेब दसरा झाला की बघायला येणार होते. पटलं नाही तर ट्रकमध्ये घालून परत!

संथ का, ते मला पक्कं ठाऊक होतं. मशीनच्या मुळाशी एक प्रोग्रॅम असतो, आजची मुलं त्याला कर्नल म्हणतात, आम्ही मॉनिटर म्हणायचो. आकडा छापणं, टेप वाचणं असली शेकडो बारकी कामं त्याच्या पोटात. प्रत्येक कामाला एक नाव, आणि ते मेमरीत कुठे आहे त्याचा पाच आकडी पत्ता. दुसऱ्या प्रोग्रॅमनं नाव घेतलं की मॉनिटरनं पत्ता शोधून द्यायचा. कसा शोधायचा? पहिलं नाव बघ... हे नव्हे. दुसरं बघ... हे नव्हे. प्रत्येक पत्रासाठी पोस्टमननं वेशीपासून दारं ठोठावत यावं, तसं. एक प्रोग्रॅम मशीनवर चढेपर्यंत आमचे सुभराव तंबाखू मळून, खाऊन, बाहेर थुंकून परत यायचे.

सुभराव कोरेगावकडचे. फौजेत सिग्नलला हवालदार होते, पेन्शन घेऊन आमच्याकडे टेलिप्रिंटरवर बसले. मला बाई म्हणायचे आणि लेकीसारखं रागवायचे.

मी शोधायची पद्धतच बदलून टाकली. नावातल्या अक्षरांचे आकडे करायचे, त्यांची ठरलेली खिचडी करायची, जो आकडा येईल त्या नंबरच्या खणात ते नाव ठेवायचं. शोधतानाही तेच. म्हणजे नाव स्वतःच सांगतं, मी अमक्या खणात आहे. युक्ती माझी नव्हे, जगात लोक वापरत होते. पण त्या जुनाट मशीनच्या मॉनिटरमध्ये ती बसवली मी, एकटीनं. हे मी मान वर करूनच सांगणार.

नव्या मॉनिटरची टेप तयार झाली नेमकी खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा. लेथला हार, पान्यांना हळदकुंकू, आणि सुभरावांनी कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ घातलेली. त्या दिवशी कुठलंच यंत्र चालवायचं नाही अशी रीत.

"सुभराव, माळ काढा. टेप चालवून बघायचीय."

"आवं बाई, आज न्हाई. पूजेला बसवलेल्या हत्याराला हात लावत न्हाईत."

"परवा साहेब येणार. उद्या दसरा, कारखान्याला कुलूप. मग बघू कधी?"

"त्ये खरं हाय, पर..."

"फौजेत खंडेनवमीला दुश्मन आला असता तर? रायफल पूजेला बसलीय, उद्या या, म्हणाला असतात?"

सुभराव खो खो हसले. मग दोन्ही हातांनी हळूच माळ उतरवली, मशीनच्या पाया पडले आणि बटण दाबलं. टेप चालली, एकही चूक निघाली नाही. तंबाखूला चुना लावून होण्याआधी प्रोग्रॅम चढला होता. "लय भारी, बाई!" म्हणत त्यांनी ती माळ माझ्याच टेबलावर ठेवली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भर सकाळी साहेब आले. सोबत आमचे मॅनेजर अण्णा. साहेबांनी दोन-तीन प्रोग्रॅम चढवून बघितले, घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले, "नुसती नावं टाइप करून पत्ते विचारता येतात ना? मी विचारतो."

स्वतः टेलिप्रिंटरवर बसले. नाव टाइप केलं, ओळ संपल्याची कळ दाबली, पत्ता हजर. दुसरं नाव, हजर. मग मला पकडायला एक मनचंच नाव ठोकलं. मशीननं "असं नाव नाही" म्हणून छापलं. अण्णांचा चेहरा उजळला. मला वाटलं, जिंकलो!

साहेबांनी नावांची नि पत्त्यांची छापील यादी मांडीवर घेतली. डावं बोट यादीवरून खाली सरकवत नेलं आणि एका नावाखाली थांबवलं. उजवा हात उचलला. तो हात हवेतच होता, कळांना लागलासुद्धा नव्हता... आणि टेलिप्रिंटर खडखडला.

पाच आकडे छापले गेले.

साहेबांनी कागदाकडे बघितलं, मग बोटाकडे. मागून सुभराव वाकले, मीही वाकले. बोटाखालच्या नावाचा पत्ता तोच होता. आकडा न् आकडा तोच.

आता तुम्ही सुचवाल ते सगळं मी तेव्हाच तपासलंय. आधीचं उत्तर दोनदा छापलं गेलं? नाही, ते नाव त्या दिवशी कुणी विचारलंच नव्हतं. कळ चुकून दाबली गेली? एका कळीनं नाव होत नाही. आणि ओळ संपल्याची कळ दाबल्याशिवाय माझा प्रोग्रॅम नाव वाचायलाच घेत नसे. चुकीचा आकडा आला असता तर मी माझी चूक मानली असती हो! हा बरोबर होता, तेच दुखणं.

साहेबांनी परत बोट ठेवून बघितलं. दहादा बघितलं. पुन्हा काही झालं नाही. मग ते उठले आणि मला अण्णांच्या केबिनमध्ये बोलावलं.

"गंमत चांगली होती," ते म्हणाले. "कशी केलीत?"

"मी काहीच केलं नाही."

"हे बघा, तुमचं काम उत्तम आहे. मशीन इथे ठेवायला माझी हरकत नाही. फक्त एक ओळ लिहून द्या – प्रात्यक्षिकासाठी मी एक खोडी करून ठेवली होती, ती काढून टाकली. विषय संपला."

"आणि नाही दिली तर?"

"ज्याचा भरवसा नाही ते मशीन मी ठेवू शकत नाही."

अण्णा माझ्यामागे लागले, "अगं पोरी, एक ओळ तर लिहायचीय. कुणाचं काय जातंय?" दारात उभे असलेले सुभराव आत आले. "सायेब, म्याच केलं समजा. माझं नाव लिवा. मला पेन्शन हाय, माझं काय बी बिघडत न्हाई."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाच मला राग आला. म्हटलं, "सुभराव, तुम्ही केलं नाही, मी केलं नाही. जे केलंच नाही ते केलं म्हणून सही करायची? मग उद्या माझ्या कुठल्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवायचा?"

साहेब पेन पुढे धरून होते. तेव्हा मी पाहिलं, त्यांची नजर माझ्यावर नव्हती, उघड्या दारातून दिसणाऱ्या टेलिप्रिंटरवर होती. ते रागावलेले नव्हतेच... घाबरलेले होते. त्यांना माझी सही शांत झोपण्यासाठी हवी होती. मी म्हटलं, "हवं तर लिहून देते – मी केलं नाही, कसं झालं माहीत नाही."

"असला कागद मला चालणार नाही," ते म्हणाले.

दिवाळीआधी मशीन गेलं. पेटीत बांधेपर्यंत मी रोज तो प्रोग्रॅम तपासला, हाती काही लागलं नाही. सुभराव म्हणाले, "बाई, द्येव पावला व्हता तुमाला. तुमी वळखला न्हाई." मी म्हटलं, "पावला असता तर मशीन जाऊ दिलं असतं का? आणि माळ काढली म्हणून कोपला म्हणावं, तर बरोबर उत्तर कशाला दिलं असतं?" तुमच्या देवालाही मी ते श्रेय दिलं नाही, सुभराव, माफ करा.

दादांनी स्थळं आणली. मी एकही पाहिलं नाही. कॉलेजात गणित शिकवलं, मजेत शिकवलं. पण खोटं कशाला बोलू, ते मशीन मला आजही आठवतं. कानावर आलं ते एवढंच, की पुण्यात ते मशीन शेवटपर्यंत माझ्याच मॉनिटरवर चाललं. भरवसा नव्हता म्हणे!

पुष्कळ वर्षांनी, मी रिटायर झाल्यावर, काठी टेकत आलेले एक गृहस्थ सांगलीच्या विश्रामबागेत माझ्या दारात उभे राहिले. मिरजेला लग्नाला आले होते, पत्ता विचारत विचारत पोचले. मी ओळखलं, तेच पुण्याचे साहेब. चहा घेतला, इकडचंतिकडचं बोलले, मग कप खाली ठेवून म्हणाले, "आता तरी सांगा. कसं केलं होतंत?"

"मी केलं नाही."

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "तेव्हा जी ओळ लिहून देणार होतात... ती आता देता?"

मी कागद आणला. 'मी केलं नाही. कसं झालं माहीत नाही.' खाली सही केली. त्यांनी ते दोनदा वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.

"आकडे छापून येईपर्यंत मी माझं बोट कुणालाच दाखवलं नव्हतं हो," ते म्हणाले.

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

कागद त्यांनी घडी करून बरोबर नेला. स्पष्टीकरण त्यांच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही.