कोरं वावर

लालीबाईच्या हातचं कापड कुठे कोरं सुटायचं नाही. महागावजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यात रीतच तशी होती. बाईने भरतकामाला घेतलेलं कापड आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्याने असं भरायचं, की बोट टेकायला जागा उरू नये. कोपरा रिकामा दिसला तर ती बाई आळशी. लहानपणी एवढ्याशा कोपऱ्यापायी आईने लालीबाईला भरल्या ताटावरून उठवलं होतं. त्या दिवसापासून साठीपर्यंत ती नुसती भरत आली.

नमुने मात्र तिचे स्वतःचे. बसस्टँडवर बाकीच्या बाया गप्पांत रंगायच्या, तेव्हा ही पायाखालच्या सिमेंटच्या गट्टूंची मांडणी बघत बसायची. चिखलात उमटलेली ट्रॅक्टरच्या चाकाची नक्षी, कूलरची जाळी, सगळं तिच्या सुईतून उतरायचं.

मागच्या थंडीत सून बबिताने मोबाइलवर कुठल्याशा प्रदर्शनातलं चित्र दाखवलं. मोठंच्या मोठं राखाडी कापड आणि एका कडेला दोन लाल पट्टे. बस.

"एवढं रिकामं ठेवलं," लालीबाई म्हणाली, "अन् त्याले कोणी काई म्हटलं नाही?"

"याडी, लोक तिकीट काढून पाह्यतात ते!"

सासूला ती याडी, म्हणजे आई, म्हणायची. कपाशीची पऱ्हाटी उपटल्यावरचं वावर लालीबाईच्या डोळ्यांपुढे आलं. काळं, मोकळं, कडेला तुरीची एक ओळ. इतकी वर्षं ते पाहून तिला भरून यायचं, पण कापडावर ते कसं आणायचं हे उमगत नव्हतं. आता उमगलं. काळ्या कापडाच्या कडेला तिने तुरीची ओळ घातली, तिच्या पायाशी चाकाची नक्षी, आणि सुई खाली ठेवली.

"दोरा सरला का वं, बबलूची याडी?" नवऱ्याने, रामधनने, विचारलं.

"दोरा हाये. काम झालं."

"झालं? अर्धं वावर पडीक ठेवून?"

"तुमाले वावर दिसलं ना? मंग झालं."

यवतमाळात हस्तकलेचं प्रदर्शन होतं. बबिताने सासूचं नाव नोंदवलं, तांडाभर सांगितलं, आणि दोघी पहिल्या एसटीने निघाल्या. हॉलमध्ये संयोजक बाईंनी कापड उलगडलं, उलटं करून पाहिलं.

"आजी, अर्धवटच आणलंत?"

"पुरं हाये."

"अहो, बंजारा काम म्हणजे आरसे, कवड्या. लोक तेच बघायला येतात. संध्याकाळी उद्घाटन आहे. तोवर भरून द्या, नाही तर मला तुमची जागा दुसरीला द्यावी लागेल. कोरं कसं शोभेल?"

बबिता उसळली. "मोठमोठे चित्रवाले कोरं ठेवतात, ते चालते. आमाले काहून नाही?"

"ते कलाकार असतात गं," बाई समजुतीने म्हणाल्या आणि आरशांची पुडी पुढे केली.

बबिता पुडी परत करायला निघाली. लालीबाईने तिचा हात धरला. 'कोरं कसं शोभेल' हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं, आईच्या तोंडून, त्याच समजुतीच्या आवाजात. ती व्हरांड्यात जाऊन बसली आणि वावर भरायला लागली.

बघता बघता कॅमेरे जमले. "आजी, पदर जरा पुढे घ्या. हां. इकडे नका पाहू, कामाकडेच पाहा." ती कामाकडेच पाहत होती. संध्याकाळपर्यंत तुरीची ओळ आरशांच्या गर्दीत कुठे गेली ते कळेनासं झालं. पाहुण्यांनी वाहवा केली, कापडाला पहिलं बक्षीस दिलं आणि ते हॉलच्या भिंतीसाठी ठेवून घेतलं. लालीबाईला बक्षिसात तिचाच फोटो मिळाला, काचेच्या चौकटीत.

घरी रामधनने उपरण्याने काच पुसली. फोटोत लालीबाईचे हात होते, सुई होती, आणि कापडाच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढा काळा तुकडा.

"हे एवढं भरायचं राह्यलं होतं वाट्टे."

"तेवढं वाचलं होतं तवा," लालीबाई म्हणाली.

पेपरात आलेला तो फोटो पाहून तसल्याच भरगच्च कामाची मागणी यायला लागली. तेव्हापासून तिने चार कापडं भरली. पाचवं मांडीवर आहे. एकाचाही कोपरा तिने कोरा सोडला नाही.