सॉरी फॉर लेफ्ट

काळजी करायला सुहासिनीला एरवी कारण लागत नसे, पण या वेळी ते होतं. तिच्या एकुलत्या एका मुलीनं, ईशितानं, साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमधल्या मॅनेजमेंट ट्रेनिंगच्या जागेला होकार कळवणं लांबणीवर टाकलं होतं आणि इथेच बर्मिंगहॅममध्ये एका घानियन चर्चच्या चॅरिटीत वर्षभराचं काम धरलं होतं. आठवडाभर म्हाताऱ्या माणसांची औषधं आणून द्यायची, कौन्सिलचे फॉर्म भरून द्यायचे आणि दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये त्यांना जेवायला वाढायचं.

"अगं, आपण हिंदू, ते ख्रिश्चन, त्यातून घानाचे. तुला तिथे ओळखतं तरी कोण?"

"कोणीच नाही. दॅट्स द पॉइंट, आई."

"अहो, तुम्ही तरी बोला ना तिच्याशी," सुहासिनीनं नवऱ्याला म्हटलं.

"मी भूल देणारा डॉक्टर," श्रीनिवास म्हणाले. "समोरचा झोपला की माझं काम झालं. बोलायची सवय तुला."

सहा आठवडे गेले. एका गुरुवारी जेवताना ईशिता ताटातल्या भातात रेघोट्या ओढत बसली. मग म्हणाली, "ती लोक माझ्या हातातून प्लेट घेत नाहीत. 'ठेव तिथे, डार्लिंग' म्हणतात. मी टेबलवर ठेवते, मग उचलतात. दुसऱ्या कोणाच्या हातातून घेतात. माझा चूक काय आहे?"

"माझी चूक," सुहासिनीच्या तोंडून निघून गेलं.

"व्हॉटएव्हर. मी सोमवारी साउथहॅम्प्टनला हो म्हणते. सोमवारपर्यंतच मुदत आहे. या शनिवारी त्यांची एक बाई कमी आहे. येशील? शेवटचंच."

सुहासिनीला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. ती पाणी आणायच्या निमित्तानं उठून आत गेली.

ती बॉटनीची पदवीधर. शहाण्णव साली पुण्याहून आली आणि गेली वीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करत होती. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, कुठली बाटली भलत्या फळीवर गेली ते दारातूनच ओळखायचं. डोळ्यांना तीच सवय लागलेली. म्हणून त्या शनिवारी हॉलमध्ये शिरल्यावर तिला कळायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

हॉलमध्ये आठ टेबलं होती. तिच्याकडे शेंगदाण्याच्या सूपचं पातेलं आलं होतं. वास घेताच तिला उपासाच्या दाण्याच्या आमटीची आठवण झाली, फक्त यात कोंबडी होती. ती वाट्या भरत होती आणि ईशिता त्या नेऊन देत होती. पहिली वाटी एका फुलाफुलांच्या हेडस्कार्फवाल्या आजींसमोर आली. त्यांचं नाव आंटी एफुआ. आजींनी वाटीकडे पाहिलं, मग हातांची घडी घातली. "ठेव तिथे, डार्लिंग."

वाटी ईशिताच्या डाव्या हातात होती.

सुहासिनीच्या हातातला डाव थांबला. शेजारच्या टेबलावर एक मुलगा ब्रेड देत होता, उजव्या हातानं. वॉकर धरलेल्या एका आजोबांनी पेला घेताना वॉकर सोडला आणि उजवा हात पुढे केला. सगळ्या हॉलमध्ये एकच हात चुकत होता, आणि त्या हाताशी सुहासिनीची जुनी ओळख होती.

ईशिता सात वर्षांची असताना गणपतीला घर पाहुण्यांनी भरलं होतं. प्रसादासाठी तिनं डावा हात पुढे केला आणि सुहासिनीनं सगळ्यांसमोर त्यावर चापट मारली. "उजवा! किती वेळा सांगायचं?" पोर रडली नाही. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मोदक घेतलाच नाही. पाहुणे गेल्यावरही नाही. त्यानंतर घरात हाताचा विषय कधी निघाला नाही. श्रीनिवासनी नियमच केला होता, आणि सुहासिनीनं तो पंधरा वर्षं पाळला होता.

आताही पाळता आला असता. सोमवार दोन दिवसांवर होता. गप्प राहायचं म्हणजे काहीच करायचं नव्हतं. वाट्या भरत राहायचं, बस्स. मुलगी चांगल्या नोकरीला लागली असती. आईनं काही चुकीचं केलं, असं जगात कोणी म्हटलं नसतं.

तिनं आणखी चार वाट्या भरल्या. मान वर केली तर ईशिता टेबलाशी उभी होती. कोणीतरी पुन्हा "ठेव तिथे" म्हटलं असावं. तिनं वाटी ठेवली होती आणि दोन्ही हात पाठीमागे नेले होते.

सुहासिनी डाव पातेल्यात टाकून तिच्याजवळ गेली. "ईशू, उजव्या हातानं दे."

ईशिताचा चेहरा एकदम बंद झाला. "नॉट हियर, आई. सीरियसली?"

"माझ्यासाठी नाही गं. यांच्यातही आपल्यासारखंच दिसतंय. डाव्या हातानं दिलं की अपमान वाटतो. जरा बघ सगळ्यांचे हात."

ईशितानं पाहिलं. बराच वेळ. मग हळू म्हणाली, "सो यू विन."

"जिंकायचं असतं तर मी गप्प बसले असते. सोमवारी तू गेली असतीस."

ईशितानं आईकडे असं पाहिलं, की सुहासिनीला पुन्हा पातेल्याकडे पळावंसं वाटलं. मग ईशिता सूपची आणखी एक वाटी उजव्या हातात घेऊन पुन्हा आंटी एफुआंकडे गेली. वाटी डुगडुगली आणि निम्मं सूप टेबलक्लॉथवर सांडलं.

"सॉरी आंटी. मी डावखुरी आहे. मला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं?" आजी इंग्रजीत म्हणाल्या. "घानात, कुमासीला आमच्या गल्लीत एका इंडियन माणसाचं कापडाचं दुकान होतं. तीस वर्षांत त्यानं डाव्या हातानं कापड पुढे केलं नाही. मला वाटलं, या पोरीला सगळं कळतं, तरी मुद्दाम करतेय."

"मग सांगायचं ना!"

"पाहुण्याला रीत शिकवायची? तुझी आई कशाला आहे?" आजींनी सुहासिनीकडे हनुवटी केली आणि हसल्या. "माझा भाऊ डावखुरा होता. 'सॉरी फॉर लेफ्ट' म्हणायचं आणि द्यायचं. दिवसभर म्हणायचा बिचारा. आम्ही चिडवायचो, आमेनच्या आधी पण म्हणतो म्हणून. तूही म्हण आणि तुझा जो हात चालतो त्यानंच वाढ. माझं सूप वाया घालवू नकोस."

ईशितानं दुसरी वाटी आणली. "सॉरी फॉर लेफ्ट, आंटी."

आजींनी दोन्ही हात पुढे करून ती घेतली.

परतीच्या बसमध्ये दोघी वरच्या मजल्यावर बसल्या. दोन स्टॉप गेले. मग खिडकीकडे बघत ईशिता म्हणाली, "मी सोमवारी साउथहॅम्प्टनला 'नाही' कळवते."

साउथहॅम्प्टन, पेन्शन, पुढची वर्षं, सगळं एका दमात सुहासिनीच्या तोंडाशी आलं. "तू स्वतः जेवतेस ना तिथे वेळेवर?" तिनं एवढंच विचारलं.

"आई."

"बरं, बरं."

मग तिनं डावा हात मुलीपुढे केला. "सॉरी फॉर लेफ्ट."

ईशितानं तो उलटसुलट करून पाहिला. "पण यात काहीच नाहीये."

"हो. ते सॉरी तेव्हाचं आहे. गणपतीतलं."

ईशितानं आपला डावा हात त्यावर ठेवला आणि घराचा स्टॉप येईपर्यंत काढला नाही.